सारंगखेड्यावरून घोडी आणली, आता लगेच बसू नका : पहिल्या दोन महिन्यांत काय काय करायचं

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा उरकली की पुढच्या पंधरा-वीस दिवसांत मला ओळखीपाळखीतून तीन-चार तरी फोन येतातच, आणि सगळ्यांचं म्हणणं जवळपास सारखंच असतं. दादा, घोडी घेतली, बाजारात दहा वर्षांचं पोरगं नुसत्या पाठीवर बसून फिरवत होतं, आमच्या दारात आल्यापासून मात्र जवळ येऊ देत नाही, बसलं की जागेवर नाचते नाहीतर मागच्या पायांवर उभी राहते, फसवलं का आम्हाला? बहुतेक वेळा कोणी फसवलेलं नसतं. घोडी तीच असते. तिला जे शिकवलंय ते ती इमानदारीनं करत असते, आणि आपण जे मागतोय ते तिला कोणी शिकवलेलंच नसतं.

मी हे पडून शिकलो. पाच वर्षांपूर्वी चंद्रीला आणलं, ५९ इंचाची कुमैत म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची घोडी, कपाळावर चांद, आणि चौथ्या दिवशी सकाळी सकाळी बसलो. ती जागेवर पाय उचलायला लागली तसा मी लगाम आवळला, आवळला तशी ती अजून उंच पाय टाकायला लागली, मी अजून आवळला, आणि ती सरळ मागच्या पायांवर उभी राहिली. मी बांधावर पडलो, डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. बसता येत नव्हतं म्हणून रोज एका हातानं खरारा करायचो, दावं धरून फिरवायचो, नुसता जवळ बसायचो. आमच्याकडचे एक आबा आहेत, त्यांच्या घरी वरातीच्या घोड्या पिढ्यान्‌पिढ्या, ते एक दिवस येऊन बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अरे बाळा, तू लगाम ओढतोस म्हणजे तिला नाच म्हणतोस. मग ती नाचली तर तिची काय चूक?"

तेव्हापासून कोणाचाही नवीन घोडा असो, मी आधी हेच शोधतो की त्याला आधीच्या मालकानं कुठली भाषा शिकवलीये. वरातीच्या घोडीला लगाम ताणला की नाचायचं असतं. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड असेल तर त्याचं उलटं, लगाम ताणला की तो त्यावर रेलतो आणि अजून पळतो, आणि त्याला बसताना स्थिर उभं राहायची सवयच नसते कारण तिथे जॉकीला पायाला हात देऊन चालत्या घोड्यावर चढवतात. माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटकांना फिरवलेला घोडा असेल तर तो पुढच्या घोड्याच्या मागे किंवा माणसाच्या हातातल्या दाव्याला चालतो, एकटा सोडला की गांगरतो. तिघेही चांगले घोडे असू शकतात. आपल्याला त्यांची जुनी भाषा समजून घ्यायची आणि हळूहळू आपली शिकवायची, एवढंच काम आहे, पण ते दोन दिवसांत होत नाही.

बाजारातून निघायच्या आधी

सारंगखेडा असो, अकलूज असो की माळेगावची खंडोबाची यात्रा, पैसे देऊन झाले की लोक घाईनं पिकअप बघायला पळतात. थांबा. विकणाऱ्याला सांगा की आता मला सगळं सुरुवातीपासून करून दाखव, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. खुंट्यावरून सोडण्यापासून, लगाम घालणं, खोगीर टाकणं, बसणं, चालवणं, थांबवणं, उतरणं, खुर उचलणं, परत बांधणं. तो कुठल्या बाजूनं जवळ जातो, तोंडानं काय आवाज काढतो, चुचकारतो की टिचकी वाजवतो, टाच मारतो की नुसतं पुढे झुकतो, हे सगळं त्या व्हिडिओत येतं. मी चंद्रीचा व्हिडिओ काढला नव्हता, काढला असता तर त्या माणसाचा लगामाचा हात मला दिसला असता.

मग काही प्रश्न विचारायचे. नाचायला शिकवलंय का? डीजेची सवय आहे की फक्त ढोल-ताशाची? रोज काय खाते आणि किती? कोण बसायचं? ट्रॅक्टरला, कुत्र्यांना बुजते का? मागच्या वेळी नाल कधी मारले? जुनी म्होरकी, म्हणजे तोंडाभोवती बांधतात ती, सोबत मागून घ्या, आणि शक्य असेल तर तिच्या रोजच्या चाऱ्याची दोन-तीन पोती पण विकत घ्या, ती का ते पुढे सांगतो.

कागदांच्या बाबतीत ढिलाई नको. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा दाखला बघितल्याशिवाय घोडा गाडीत चढवू नका. हा रोग माणसालाही होतो, आणि घोडा बाधित निघाला तर त्याच्यावर उपचार करत नाहीत, कायद्यानं त्याला मारावंच लागतं. या तपासणीचं मोठं काम हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात चालतं.

वय दातावरून बघतात. समोरचे पक्के दात अडीच वर्षाला यायला लागतात आणि पाच वर्षाला तोंड पूर्ण भरतं. पाच वर्षांच्या आतली घोडी पहिल्यांदाच घोडा पाळणाऱ्यानं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, स्वस्त मिळाली तरी. आणि अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ बघतात त्याचं म्हणाल तर कोणाची श्रद्धा असेल तिचा मान आहे, पण मी देवमण हा शुभ मानलेला भोवरा बघून लंगडी घोडी घेतलेले लोक बघितलेत. आधी चार पाय बघा, कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी पळवून बघा, मान पावलागणिक वर-खाली होते का बघा, मग भोवरे.

दारात आल्यावर

शहादा तालुक्यातून नगर-पुण्याकडे यायचं म्हणजे घोडी सात-आठ तास गाडीत उभी असते, त्याआधी आठ-पंधरा दिवस बाजाराच्या धुळीत आणि गोंगाटात. ती दमलेली असते, पाणी कमी प्यालेली असते आणि घाबरलेली असते. बाजारात शांत दिसली ती यामुळेही असू शकते, हे लक्षात ठेवा, कारण चार दिवस पोटभर खाऊन-झोपून झाल्यावर जी घोडी समोर येते ती खरी.

उतरवली की आधी दहा-पंधरा मिनिटं हळू चालवायची, मग पाणी, मग कडबा. पहिल्या रात्री हरभरा, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक, गूळ काही नको. घरात कौतुक असतं, बायामाणसं ओवाळतात, ते करावं, आनंदाची गोष्ट आहे, पण पुरणपोळी आणि गुळाचा खडा दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा. घोड्याला उलटी होत नाही. जे आत गेलं ते खालीच जाणार, आणि आतड्यात अडकलं किंवा गॅस धरला तर पोटशूळ, ज्यात घोडा एका रात्रीत जाऊ शकतो. म्हणून तिच्या जुन्या चाऱ्याची पोती. पहिले दोन दिवस सगळं जुनं, मग थोडं थोडं आपलं मिसळत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदलायचं. लसूणघास एकदम पेंढीभर टाकू नका. बुरशीचा वास येणारा कडबा अजिबात नको. आणि गोठ्यातलं गाईचं तयार खाद्य घोडीला घालू नका, त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला ते चालतं पण घोड्याचं हृदय त्यानं बंद पडतं. दुधाचा धंदा असलेल्या घरात ही चूक सहज होते म्हणून मुद्दाम लिहितोय.

पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, उन्हाळ्यात अजून जास्त. बादलीवर खूण करून ठेवा म्हणजे किती प्याली कळतं. शेण मोजा, हो, खरंच मोजा, दिवसातून आठ-दहा वेळा तरी टाकायला पाहिजे. शेण नाही, खात नाही, सारखी कुशीकडे वळून बघते, पायानं जमीन उकरते, लोळते, यातलं काही दिसलं की चारा काढून घ्यायचा आणि डॉक्टरला फोन, रात्रीचे दोन वाजले असतील तरी. सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, थर्मामीटरला दोरा बांधून शेपटीखाली, ९९ ते १०१ फॅरनहाइट ठीक. जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवलं की नाडी लागते, शांत उभी असताना मिनिटाला २८ ते ४४. पहिल्या आठवड्यात हे आकडे वहीत लिहून काढा, पुढे आजारी पडली तर तिचं नेहमीचं काय ते तुमच्याकडे असेल.

घरी आधीचे घोडे असतील तर नवीनला दोन-तीन आठवडे लांब बांधा, बादली आणि खरारा वेगळा. दोन-तीन दिवसांत डॉक्टरला बोलावून धनुर्वाताचं इंजेक्शन, जंताचं औषध, दातांची तपासणी आणि सर्रा या माश्यांमुळे पसरणाऱ्या रोगासाठी रक्ततपासणी, एवढं करून घ्या. धनुर्वाताचं तर टाळूच नका, घोड्याला तो पटकन होतो आणि आपल्या गोठ्यांत खिळे-पत्रे कमी नसतात.

बांधताना सुरगाठ, निरगाठ कधीच नाही. घोडी घाबरून मागे ओढायला लागली की निरगाठ अजून घट्ट बसते, मान मोडायची वेळ येते, आणि तेव्हा गाठ सोडवायला तुमची बोटं तिथे असतात. मी कडीला आधी सुतळीचा एक फेरा बांधतो आणि दावं त्या सुतळीला, म्हणजे फारच ओढलं तर सुतळी तुटते. अगाडी-पिछाडी घालायची, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोऱ्या बांधायची जुनी पद्धत बऱ्याच घोड्यांना माहीत असते, पण नवीन जागी पहिल्याच दिवशी पिछाडी घालू नका.

खरारा

लोक खरारा म्हणजे साफसफाई समजतात. माझ्यासाठी ती ओळखीची सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि तिला मी पूर्ण एक आठवडा देतो, रोज अर्धा-पाऊण तास.

जवळ जाताना खांद्याच्या दिशेनं, बोलत बोलत. घोड्याचे डोळे दोन्ही बाजूंना असतात म्हणून त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त बरोब्बर मागे आणि कपाळाच्या अगदी समोर, नाकाच्या खाली दिसत नाही. म्हणून सरळ तोंडावर हात नेला की तो मान झटकतो. त्याला तुमचा हात दिसता दिसता नाहीसा होतो. हात खांद्यावर ठेवा, तिथून मानेकडे जा. मागून जायचं असेल तर पाठीवर हात ठेवून बोलत अगदी लगटून जा नाहीतर चांगलं दहा-बारा फूट लांबून. मधल्या अंतरावर दुगाणी पूर्ण जोरात बसते.

मग हात सगळीकडे फिरवायचा आणि कुठे काय होतं ते बघायचं. चंद्रीच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत कातडी जाड झालेली होती, बोटाला खरखरीत लागायची, आणि डाव्या कोपऱ्यात पांढरे केस उगवले होते, जुनी जखम भरल्यावर उगवतात तसे. काटेरी लगामाच्या खुणा. तंगाच्या, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा येतो त्या जागी हात नेला की ती कान मागे टाकायची आणि पोट आवळून घ्यायची. मागच्या उजव्या पायाला हात लावला की पाय नाही उचलायची, आधी थरथरायची. या तीन गोष्टींवरून मला पुढच्या दोन महिन्यांचं काम कळलं. तोंड हलकं ठेवायचं, तंग हळू आवळायचा, मागच्या पायाशी कोणीतरी काठीनं शिकवलंय तर तिथे घाई करायची नाही.

थरथर आली की हात काढू नका, आणि पुढेही नेऊ नका. जिथे आहे तिथे ठेवा. ती एक मोठा श्वास सोडेल, मान खाली येईल, ओठ चघळल्यासारखे हलतील, मग हात काढा. त्या क्षणी हात काढलात तर ती शिकते की शांत राहिलं की त्रास थांबतो. पाय झाडल्यावर काढलात तर शिकते की झाडला की थांबतो. ही एकच गोष्ट समजली तरी अर्धं काम झालं, कारण पुढे लगाम, टाच, दावं सगळीकडे हेच आहे. दाब द्यायचा, ऐकलं की त्याच क्षणी सोडायचा.

मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकणारी, सगळीकडे गरगर फिरतात, त्यामुळे नवख्याला त्यांचा राग पटकन कळत नाही. नुसते मागे फिरलेले कान म्हणजे ती तुमचं ऐकतेय. मानेला चिकटलेले कान, आवळलेल्या नाकपुड्या आणि शेपटी दाबलेली, ही धमकी. चारही खुर रोज उचला, पहिल्या दिवशी दोन सेकंद चालतील. आतली माती काढा, मधल्या त्रिकोणी मऊ भागाचा वास घ्या, सडका वास असेल तर जागा ओली राहतेय. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवायचं, पण नव्या घोडीचे पाय तुम्हाला स्वतःला उचलता आल्याशिवाय त्याच्या हातात देऊ नका, त्याला दिवसात दहा घोडी करायची असतात, तो वाट बघत नाही.

हातातून गूळ भरवायची सवय लावू नका, टोपलीत ठेवा. लाडानं भरवलेली घोडी दोन महिन्यांत खिसे चावायला लागते आणि मग तिला मार बसतो.

दावं धरून, जमिनीवरून

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे काम. दहा-बारा फुटांचं जाड सुती दावं, हाताला कधीच गुंडाळायचं नाही, नागमोडी घडी करून धरायचं. तुम्ही तिच्या खांद्याशी. चाला, थांबा, तुम्ही थांबलात की ती थांबली पाहिजे, पुढे गेली तर दाव्याला हलका झटका आणि दोन पावलं मागे. मग तुमच्या बोटानं कुशीपाशी दाबलं की मागचे पाय बाजूला टाकले पाहिजेत, दोन्ही बाजूंना. ही गोष्ट वर बसल्यावर जीव वाचवते, कारण ज्या घोडीचे मागचे पाय बाजूला जातात तिला मागच्या पायांवर उभं राहता येत नाही आणि उधळताही येत नाही.

त्यानंतर लांब दोरीवर गोल फिरवणं. गोल मोठा पाहिजे, पंधरा मीटर व्यासाचा तरी, आणि दोन्ही बाजूंना मिळून पंधरा मिनिटं पुष्कळ. छोट्या गोलात तासभर पळवून घोडी दमवून मग बसणारे लोक आहेत, त्यानं पाय खराब होतात आणि महिन्याभरात तिचा दम वाढतो, म्हणजे पुढच्या वेळी दोन तास पळवावी लागते.

आणि गावातून फिरवा. हे फार उपयोगाचं आहे. सकाळी दूध डेअरीवर, शाळा सुटताना थोड्या अंतरावर, उसाच्या ट्रॉलीजवळ, फडफडणाऱ्या मल्चिंग पेपरजवळ. बुजली तर ओढून जवळ नेऊ नका, लांब उभं राहून बघू द्या, फुरफुरू द्या, तिनं स्वतःहून मान खाली केली की दोन पावलं पुढे. चंद्री ट्रॅक्टरला काहीच करायची नाही, पण लांब कुठे डीजे वाजला की जागेवर पाय उचलायला लागायची, अंगाला घाम. मी तेव्हा दावं सैल सोडून चालत राहायचो. नाचली तरी ओरडायचं नाही, चालली की मानेवर थोपटायचं. साधारण तीन आठवड्यांनी लग्नाच्या मांडवासमोरून ती चालत गेली, कान त्या बाजूला, पण चालत.

लगाम

काटेरी लगाम काढून ठेवा. मध्ये एकच सांधा असलेलं, गुळगुळीत, बोटाएवढं जाड लोखंड आणि बाजूला गोल कड्या, असा साधा लगाम घ्या. ओठाच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडतील इतका वर बांधायचा. दात तपासून घेतलेले पाहिजेत, नाहीतर दुखण्यानं मान झटकेल आणि तुम्ही स्वभाव समजाल. थंडीत लोखंड तळहातात धरून गरम करून घाला. तीन-चार दिवस नुसता घालून खरारा करा, चघळू द्या.

वरातीच्या घोडीसाठी आता मुख्य काम. एकानं म्होरकीला दावं धरून चालायचं आणि दुसऱ्यानं बाजूनं चालत लगाम हातात धरायचा, पूर्ण सैल. बोटं हळूच मिटायची, एवढासा दाब, त्याच वेळी तोंडानं "होऽऽ", आणि दाव्यावाल्यानं थांबवायचं. थांबली की बोटं उघडायची. रोज वीस-पंचवीस वेळा. तिच्या डोक्यात दाब म्हणजे नाच असं बसलंय, ते पुसून दाब म्हणजे थांब आणि सैल म्हणजे चाल असं बसवायचंय. मध्ये नाचली तर दाब वाढवू नका, सैल सोडून चालायला लावा. मला याला अठरा दिवस लागले. रेसच्या घोड्यालाही हेच लागू आहे, फक्त तिथे पळण्याऐवजी थांबणं शिकवायचंय, आणि एका बाजूचाच लगाम वापरून मान वळवून थांबवलं की त्याला रेलायला काही मिळत नाही.

खोगीर आणि तुमचं वजन

खोगीर पाठीच्या मणक्यावर टेकता कामा नये. तुम्ही बसलेले असताना खोगिराच्या पुढच्या कमानीखाली, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर, दोन-तीन बोटं उभी जागा राहिली पाहिजे, आणि मागून बघितलं की मणक्यावर आरपार उजेड दिसला पाहिजे. खाली नमदा म्हणजे लोकरीची जाड गादी, किंवा जाड सुती पॅड, सुरकुती नको. तंग कोपरापासून चार बोटं मागे. आवळायचा तीन टप्प्यांत, आधी नुसता टेकेल इतका, पाच मिनिटं चालवून एक भोक, बसायच्या आधी अजून एक. घोड्या पोट फुगवून ठेवतात, त्यामुळे एकदाच आवळला की बसताना खोगीर फिरतं. काम झाल्यावर खोगीर काढून घामाचा ठसा बघा. सगळीकडे सारखा ओला हवा. मध्येच कोरडा डाग राहिला असेल तर तिथे जास्त दाब पडतोय.

घोडीनं तिच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त वाहू नये, तेही खोगिरासकट. वजनकाटा लागत नाही, टेलरची टेप लागते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८७७. चंद्रीचा घेर १६५, लांबी १५५, म्हणजे साधारण ३५५ किलो. त्याचे २० टक्के ७१, त्यातून खोगिराचे ९ गेले की ६२ किलोचा माणूस. आमच्या घरात ती माझी आणि पुतणीची घोडी आहे, मोठ्या भावाला बसायचं असेल तर मोठा घोडा बघावा लागेल हे मी त्याला स्पष्ट सांगितलंय.

तुमच्या डोक्यावर हेल्मेट, हनुवटीचा पट्टा लावून. पायात टाच असलेला बूट, चप्पल आणि रुंद स्पोर्ट्स शूज नको, रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पाय आरपार गेला आणि पडलात तर घोडी फरफटत नेते. रिकीब बुटापेक्षा बोट-दोन बोटं रुंद.

पहिल्यांदा बसणं

साधारण चौथा आठवडा, पण तारीख बघून नाही. दाव्यावर थांबते, मागे सरकते, मागचे पाय बाजूला टाकते, तंगाला कान मागे टाकत नाही, सैल लगामात चालते, एवढं झालं असेल तर. कुंपण असलेली लहान जागा, जमीन मऊ पण नांगरट नाही. वेळ सकाळची, खाऊन तास-दीड तास झालेला. एक शांत माणूस तिच्या डोक्याशी, आणि बघे कोणी नकोत, हे फार महत्त्वाचं आहे, पोरांना लांब पाठवा.

ओट्यावरून किंवा भक्कम स्टुलावरून चढा, जमिनीवरून लोंबकळत चढलं की खोगीर आणि तिची पाठ दोन्ही एका बाजूला ओढली जाते. आधी खोगिरावर हातानं थापट्या मारा. मग पोटावर आडवे पडून वजन टाका, दहा सेकंद, उतरा. दोन्ही बाजूंनी. मग पाय टाकून हलके बसा, धप्पकन नाही. लगाम सैल, एका हातात आयाळ धरा, काहीही झालं तरी लगामाला लटकायचं नाही. श्वास सोडा, तुम्ही श्वास धरला की ती पण धरते. मानेवर थोपटा, उतरा. पहिला दिवस संपला. पाच मिनिटं.

दुसऱ्या दिवशी दाव्यावाला चालवेल, तुम्ही नुसते ओझं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबवणं-चालवणं तुम्ही सांगायचं आणि तो फक्त सोबत. मग दावं सुटतं. उभ्या उभ्या एका बाजूचा लगाम हळू जवळ घेऊन तिचं नाक तुमच्या गुडघ्याकडे वळवायला शिकवा, दोन्हीकडे, रोज. हा तुमचा ब्रेक. घोडी उधळायला लागली तर दोन्ही लगाम ओढून बसण्यापेक्षा एका बाजूनं वळवत गोलात आणायची, अर्थात हळूहळू, जोरात पळणाऱ्या घोडीची मान झटक्यात वळवली तर ती तुमच्यासकट पडेल.

चालीत वळणं, थांबणं, चार पावलं मागे, हे आठ-दहा दिवस कंटाळा येईपर्यंत करा. मांड, म्हणजे तुमची घोड्यावरची बैठक, इथेच पक्की होते. दुडकी त्यानंतर, आधी पन्नास पावलंच. काही मारवाडी-काठेवाडी घोड्यांना रेवाल चाल असते, अंग न हलवता झपझप, ती दुडकी समजून मोडू नका, नशीबवान आहात. चौखूर मला चंद्रीवर चौथ्या महिन्यात करावीशी वाटली.

कुठल्याही दिवशी बिनसलं तर दोन पायऱ्या मागे जा. लगामाला मान झटकली, उद्या परत दाव्यावर. यात काही गेलं असं नाही.

बाहेर पडताना

पहिल्यांदा बाहेर जाताना एखादा वयस्क शांत घोडा सोबत असेल तर फारच उत्तम, नाहीतर सायकलवर कोणीतरी. दोन किलोमीटर, दावं लावून पायी शंभर वेळा गेलेल्याच रस्त्यानं. डांबरी रस्त्यावर चालच, पळवायचं नाही, पाय जातात. काळ्या रानात पावसाळ्यानंतर भेगा पडलेल्या असतात, गवतानं झाकलेल्या, तिथे तर अजिबात नाही. कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता सगळ्यात चांगला. परतताना घोड्या घराच्या ओढीनं घाई करतात म्हणून परतीचा सगळा रस्ता चालीनं, आणि मी घराच्या आधी दोनशे मीटरवर उतरतो, तंग एक भोक सैल करतो आणि चालत आणतो. दारात आली की लगेच दाणा नाही, आधी खोगीर, पाठीवर हात, मग पाणी, मग कडबा. दहा-पंधरा मिनिटांनी नाडी बघा, ६४ च्या वर राहिली असेल तर तुम्ही तिच्या दमापेक्षा जास्त केलंय, उद्या सुट्टी.

तीन महिन्यांत तिच्या पाठीचे आणि खांद्याचे स्नायू भरतात आणि बाजारात बरोबर बसणारं खोगीर घट्ट व्हायला लागतं. टेप परत काढा, घेर मोजा, खोगिराखाली बोटं घालून बघा. चंद्रीचा घेर तेव्हा १७१ भरला होता, खोगिराची पुढची कमान मला बदलून घ्यावी लागली, आणि ती बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी तंग लावताना तिनं कान हलवले नाहीत, चघळत उभी राहिली.